कांताबाईंचा डुगडुगता पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. बसायचा पाट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाट या एका शब्दापायी आमच्याकडं एकदा मोठा घोटाळा झाला होता. तो पुढं येईलच.

मी सागवानाचा आहे. माझ्या चार कोपऱ्यांवर चार पितळी फुलं ठोकलेली होती. त्यातलं एक आता नाही. माझ्या खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांतली एक दुसरीपेक्षा किंचित कमी भरते. म्हणून माझ्यावर कोणी बसलं आणि जरासं हललं की मी वाजतो. टक. एवढाच आवाज. ही माझी खोड आहे आणि माझी सगळी गोष्ट या खोडीचीच आहे.

माझा जन्म भद्रावतीचा. तिथं देवराव नावाचे एक गृहस्थ फॅक्टरीत कामाला होते. त्यांच्या लेकीचं, कांताचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी चैतू वाढईला पलंग करायला घरी बसवलं. सुताराला आमच्याकडं वाढई म्हणतात. पलंग झाला, थोडं लाकूड उरलं, त्या उरलेल्या लाकडातून चैतूनं मला केलं. घाईत केलं. पट्टी उणी भरते हे त्याच्या लगेच लक्षात आलं. घासून सारखी करून देतो म्हणाला. पण तेवढ्यात वऱ्हाड दारात आलं आणि ते राहून गेलं.

लग्न बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत, अगदी साधं झालं. मला त्यात काही काम नव्हतं. पण लेक निघाली तेव्हा देवरावांनी मला स्वतः उचलून तिच्या सामानावर ठेवलं. ते बोलके नव्हते. तेव्हा मात्र बोलले.

"कांता, माह्या बापानं जिंदगीभर लोकाईच्या आंगणात उभं राहून गोष्टी केल्या. कोनी बस म्हटलं नाई. तुह्या घरी कोनी आलं तं आंधी पाट दे. मंग इचार, काऊन आला म्हून."

कांताबाईंनी हे ऐकलं आणि आयुष्यभर पाळलं.

त्यांचे यजमान गुणवंतराव वकील होते. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही दोघं चामोर्शीला येऊन राहिली. बाजाराजवळ भाड्याचं घर घेतलं. पुढं एक खोली, तिला ओसरी. खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. एक गुणवंतरावांची, दुसरी येणाऱ्याची. पण आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतून येणारी माणसं त्या दुसऱ्या खुर्चीवर बसतच नसत. बाया तर उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसत आणि तिथूनच बोलत. निम्मं बोलणं आत पोचत नसे. मग कांताबाईंनी मला आणून टेबलाच्या बाजूला मांडलं. खुर्चीला भिणारी माणसं मला भीत नसत. मी त्यांच्या घरातल्यासारखाच होतो.

मित्रांनो, माझ्यावर बसून लोकांनी काय काय विचारलं म्हणून सांगू. पोराला पोलिसांनी नेलं, किती दिवस ठेवतील? गुणवंतराव सांगत, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करावंच लागतं, आणि गरिबाला वकील मिळण्याची सोय आहे, तसं तिथं सांगायचं. जंगलाच्या जागेत धान पेरतो, गार्डसाहेब दंड करतो, काय करू? ते म्हणत, दंड भरला की पावती घे आणि ती फाडू नको, कधी तरी तीच तुझ्या कामी येईल. अंगठा मागतात, देऊ का? वाचून ऐकल्याशिवाय कोणाच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ असो. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघायचं नाही. एकदा सुकलू नावाचा एक शेतकरी विचारायला आला की रानडुकरानं धान खाल्लं, केस होते का? गुणवंतराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "होते. पन डुकराले समन्स कोन नेऊन देईन? तू देतं का?" सुकलू स्वतःच हसायला लागला. मग त्यांनी त्याला पंचनाम्याचा अर्ज लिहून दिला.

गुणवंतराव चांगले वकील होते. नेमकं उत्तर देत, कमी बोलत. उत्तर दिलं की पेन उचलून पुढच्या कागदाकडं वळत. त्यांच्या लेखी काम संपलेलं असे.

कांताबाईंच्या लेखी ते तिथं सुरू होई.

हे मला उशिरा कळलं. एकदा रुखमा नावाची बाई आली होती. तिचे भाऊ नवं लुगडं घेऊन आले होते आणि बापाच्या शेतावरचा हक्क सोडते असं लिहून मागत होते. गुणवंतरावांनी तिला सांगितलं की बापाच्या मागं लेकीचाही हिस्सा असतो, तो सोडायचा की नाही हे तिनं ठरवायचं, कोणी जबरदस्ती करू शकत नाही. रुखमा हो हो म्हणाली. पण उठेना. माझ्यावर बसल्या बसल्या जराशी पुढं झाली, पुन्हा मागं झाली. मी वाजलो. टक. आतून कांताबाई पदराला हात पुसत आल्या आणि तिच्याजवळ भुईवरच बसल्या. काही विचारलं नाही. नुसत्या बसल्या. मग रुखमा म्हणाली, "बाई, सही नाई केली तं भाऊ मले दिवाळीले नेईन का?"

हा तिचा खरा प्रश्न होता. तो कुठल्या कलमात बसत नव्हता. कांताबाईंनी तिला काही मोठं उत्तर दिलं नाही. भावांचं लुगडं परत करू नको, सही मात्र दिवाळीनंतर करते म्हणून सांग, म्हणाल्या. मग नेतात की नाही ते तुलाच दिसेल.

त्या रात्री गुणवंतराव म्हणाले की उद्या वाढई बोलावतो, पाट फार वाजतो, कामात लक्ष लागत नाही. कांताबाईंनी ताट वाढता वाढता त्यांच्याकडं पाहिलं.

"राहू द्या त्याले. तो मले सांगते."

"काय सांगते?"

"मानूस उठाले तयार नाई म्हून."

गुणवंतराव हसले. पुढं बरेच दिवस कोणी वाजवलं की ते आत हाक मारत, "कांता, तुहा मुनीम बोलावते." पण स्वतः कधी थांबले नाहीत. ते बाईंचं खातं होतं.

आता ठमाबाईची गोष्ट सांगतो.

ठमाबाई चामोर्शीजवळच्या एका खेड्यातली. तिचा पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारला. पुढं मुखरू नावाच्या माणसानं तिच्याशी पाट लावला. मित्रांनो, विधवेचं पुन्हा लग्न होतं त्यालाही पाट म्हणतात. माझंच नाव. त्यात वाजंत्री नसते, मांडव नसतो. बाईला पाटावर बसवतात, नव्या बांगड्या भरतात, नवं लुगडं देतात आणि ती त्या घरची होते. ठमाबाई बरीच वर्षं मुखरूबरोबर नांदली. मूलबाळ झालं नाही. दोघांनी मिळून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, पिकवल्या. मग एका पावसाळ्यात मुखरू तापानं गेला.

तेरवी झाली आणि धाकटा दीर खुशाल यानं सांगितलं की ही पाटाची बायको आहे, हिचं सातबारावर नाव लागत नाही. भावांची वाटणी आधीच झालेली होती. घर आणि बांध्या मुखरूच्या एकट्याच्या नावावर होत्या. ते गेलं तर ठमाबाईला राहायला जागा नव्हती. माहेरी कोणी उरलं नव्हतं.

ती माझ्यावर येऊन बसली तेव्हा फार हलकी लागली. गुणवंतरावांनी सगळं विचारून घेतलं. पाट लागला तेव्हा तुझा पहिला नवरा वारलेला होता ना? मुखरूला दुसरी बायको नव्हती ना? मग म्हणाले, "पाट हेही लग्नच आहे, ठमाबाई. रीतीप्रमाणं लागला असन तं कायदा त्याले मानते. तू लग्नाचीच बायको. पन पाट लागला होता हे कोनी तरी सांगाले पायजे."

ठमाबाई म्हणाली, त्या वेळचे म्हातारे गेले. बाकीचे खुशालच्या पुढं बोलत नाहीत.

पेन उचललं गेलं. मी वाजलो. कांताबाई आल्या आणि बसल्या. त्या दिवशी ठमाबाई नुसती माझ्या पितळी फुलावरून बोट फिरवत राहिली. कांताबाईंनी तिला जेवायला घातलं आणि पुढच्या बाजाराला ये म्हणून सांगितलं.

गुणवंतरावांनी अर्ज लिहिला. अर्जदार बाईचा मयताशी पाट झाला होता, दिराला हा पाट मान्य नाही, बाईचं नाव धानाच्या जमिनीला लागावं, अशा अर्थाचा. चांगला अर्ज होता. तो एका कचेरीत गेला, कुठल्या ते सांगत नाही. तिथं एक नवा कारकून लांबून बदलून आला होता. आमच्याकडं शेताला पाणी नेणाऱ्या कालव्याला सगळे नहर म्हणतात. त्याच्याकडं पाट म्हणत असावेत. त्यानं अर्जात पाट वाचला, पुढं धानाची जमीन वाचली, दिराला मान्य नाही हेही वाचलं आणि अर्ज सरळ पाटबंधारे खात्याकडं लावून दिला.

काही दिवसांनी खात्याचा एक माणूस मोजायची टेप घेऊन ठमाबाईच्या दारात उभा. पाट कुठं अडवला आहे ते दाखवा म्हणाला. ठमाबाईला काही कळेना. गाव गोळा झालं. कोणी तरी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो बिचारा टेप गुंडाळून पहिल्या बसनं परत गेला. त्या दिवसापासून गावातली पोरंसोरं ठमाबाईला नहरवाली म्हणू लागली. खुशाल पारावर बसून म्हणे, "आमच्या वयनीले सरकार पानी सोडनार आहे."

हे सांगायला ठमाबाई आली तेव्हा गुणवंतराव शरमेनं खाली पाहत होते. कांताबाईंनी मात्र तोंडाला पदर लावला. आवरेना त्यांना. हसता हसता त्यांना दम लागला, तेव्हा ठमाबाईनं त्यांची पाठ चोळली आणि चोळता चोळता तीही हसू लागली. मुखरू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असावी. मी खाली वाजत होतो. टक, टक, टक.

हसणं थांबलं आणि त्यातून तिचा खरा प्रश्न बाहेर आला.

"बाई, मले एक सांगा. मी दोन नवरे खाल्ले म्हनतात. का मीच तशी होय? गावात म्हनतात, पाट मावळतीकडं तोंड करून मांडला होता म्हून मुखरू गेला. मले त्या दिवशी काईच दिसत नव्हतं. मी खाली मान घालून बसली होती. पाट कोन्या तोंडाचा होता, मले ठाऊक नाई."

कांताबाईंनी तिचा हात धरला. असं काही नसतं, त्या म्हणाल्या. माणूस तापानं गेला, पाटाच्या तोंडानं नाही. पण ठमाबाईचं समाधान झालं नाही, हे मला माझ्यावरच्या वजनावरून कळत होतं. जमिनीचा प्रश्न तिच्या डोक्यात होता. हा त्याच्या खूप खाली होता.

शेवटी अर्ज योग्य जागी गेला आणि गावातच चावडीवर सुनावणी ठरली. महसूल खात्याचे आर. आय. साहेब येणार होते. कांताबाईंना जायचं होतं, पण छातीचा त्रास वाढला होता. त्यांनी निघायच्या वेळी मला उचलून गुणवंतरावांच्या हातात दिलं.

"मागच्या वेळी कचेरीत तिले चपलांपाशी बसवलं होतं. ह्याले घेऊन जा."

"मी पाट घेऊन फिरू? अंगात कोट आहे माह्या."

"कोट तुमचा आहे. पाट तिचा होय."

गुणवंतरावांनी मला काखेत मारलं. बसमध्ये एक जण म्हणालाच, "वकीलसाहेब, पंगत कुठी हाय?" त्यांनी मला खाली मात्र ठेवलं नाही.

चावडीत सगळं गाव बसलं होतं. आर. आय. साहेब टेबलामागं. गुणवंतरावांनी मला समोर मांडलं आणि ठमाबाईला बसायला सांगितलं. लोक कुजबुजले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागद वाचायला घेतले.

खुशालला विचारलं तेव्हा तो वेगळंच बोलला. त्यालाही कोणी तरी शहाणा भेटला असावा. इतके दिवस तो पाटाची बायको, पाटाची बायको म्हणून हिणवत होता. आता म्हणाला, "पाट-बीट काई लागला नाई, साहेब. भावानं ते बाई ठेवली होती."

ठेवली होती. मित्रांनो, हा शब्द ऐकून माझ्यावरचं वजन एकदम स्थिर झालं. इतकं स्थिर माणूस मी कधी पेललं नव्हतं.

साहेबांनी गावाला विचारलं, पाट कोणी पाहिला होता का? सगळे आपापल्या पायांकडं पाहत राहिले. गुणवंतराव कायद्याचं बोलले, नीट बोलले. साहेब म्हणाले, ते सगळं खरं आहे वकीलसाहेब, पण पाट लागला हे तर कळलं पाहिजे. त्यांनी पेनाचं टोपण उघडलं.

तेव्हा ठमाबाई जराशी पुढं झाली आणि पुन्हा मागं झाली.

टक.

चावडीत कोणाचं लक्ष गेलं नाही. पण गुणवंतरावांनी मान वळवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. घरी शंभरदा ऐकून न ऐकलेला आवाज त्यांनी त्या दिवशी ऐकला.

"साहेब, थोडं थांबा," ते म्हणाले. "बाईंना अजून काही विचारायचं आहे."

ठमाबाईनं साहेबांकडं पाहिलंच नाही. ती खुशालकडं वळली.

"भाऊजी, बांध्या तुमी घ्या का नका घेऊ. मले एकच सांगा. पाट मावळतीकडं मांडला होता का? लोक म्हनतात म्हून तुमचा भाऊ गेला. तुमी होते तिथी. मले इतलं सांगून द्या, मी जातो मंग."

खुशाल उभाच राहिला. त्याचा चेहरा लाल झाला.

"कोन म्हनते मावळतीकडं?" तो लोकांकडं पाहून म्हणाला. "कोन म्हनते? उगवतीकडं मांडला होता. म्या सोता मांडला. घरच्या सवाष्नी बाहेर आल्या नाई, तं म्या माह्या हातानं जागा सारवली. माह्या भावाचा पाट मी मावळतीकडं मांडीन का, वयनी?"

मग तो थांबला. काय बोललो ते त्याच्या कानावर उशिरा पडलं.

आर. आय. साहेबांचं पेन हातातच होतं. त्यांनी हळूच विचारलं, "खुशालराव, हे लिहू?"

खुशालनं खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. ही बाई बांध्या दुसऱ्याला देऊन टाकील, भावाची जमीन घराबाहेर जाईल, ही त्याची भीती होती, असं पुढं कळलं. पण त्या वेळी तो मनानं भावाच्या अंगणात होता, सारवलेल्या जागेपाशी. ठमाबाई रडत होती. किती तरी दिवसांनी त्यानं तिला तोंडावर वयनी म्हटलं होतं.

"लिवा," तो म्हणाला. "मांडला होता तं मांडला होता."

ठमाबाईचं नाव लागलं. बांध्या तिच्याच राहिल्या, आणि पुढं खुशालच त्या ठोक्यानं, म्हणजे तिला ठरलेला खंड देऊन, करू लागला. घरी आल्यावर गुणवंतरावांनी मला कांताबाईंपुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. कांताबाईंनी एकच विचारलं.

"वाजला तं तुमाले आयकू आला?"

"आला."

माझ्यावरची बसमधली धूळ त्यांनी पदरानं पुसली. मला त्यांच्या हाताचा तो स्पर्श अजून आठवतो.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो.

पुढच्या साली कांताबाईंचा त्रास वाढला. ठमाबाई मधून मधून येऊन राहू लागली, त्यांचं सगळं करू लागली. हिवाळ्यातल्या एका सकाळी गुणवंतराव गडचिरोलीला कोर्टात निघाले. कांताबाई दाराशी माझ्यावर बसल्या होत्या, उन्हाला, आणि ठमाबाई त्यांच्याजवळ होती. ते चपला घालत होते. कांताबाई जराशा पुढं झाल्या. मी वाजलो. गुणवंतरावांनी मान वर केली. पण बस लागली होती, कंडक्टर घंटी देत होता, आणि ते पळत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा ओसरीत माणसं बसलेली होती.

कांताबाई गेल्यावर मला मागच्या खोलीत, धान साठवायच्या ढोलीमागं ठेवून दिलं. रागानं नाही. गुणवंतरावांना मी समोर नको होतो. मला वाळवीनं थोडं खाल्लं. एक पितळी फूल तेव्हाच पडलं. बाजाराच्या दिवशी बाहेर लोक येत ते मला आतून ऐकू येई. गुणवंतराव उत्तर देत. नेमकं, बरोबर. लोक उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकत आणि निघून जात. सगळे पहिलाच प्रश्न विचारून जात होते. घर फार लवकर रिकामं होई.

नवं धान निघालं तेव्हा ठमाबाई नव्या तांदळाची टोपली घेऊन आली. टेबलाकडं पाहिलं, भुईकडं पाहिलं, मी नव्हतो. ती सरळ मागं आली, ढोलीमागून मला ओढलं, लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि जुन्या जागी मांडलं. उगवतीकडं तोंड करून. पाटाला तोंड नसतं, मित्रांनो, पण तिनं तसं मांडलं.

"बसा, भाऊ."

"मी?"

"तुमीच. बसा."

गुणवंतराव इतक्या वर्षांत माझ्यावर एकदाही बसले नव्हते. ते खुर्चीवरून उठले आणि बसले. ठमाबाई भुईवर बसली. ती काही बोलली नाही. हे ती कोणाकडून शिकली ते तुम्हाला ठाऊक आहे.

बऱ्याच वेळानं मी वाजलो.

"ठमाबाई," ते म्हणाले, "त्या सकाळी पाट वाजला होता. म्या आयकला होता. तिले काय विचाराचं होतं?"

ठमाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"डबा, भाऊ. दुसरं काई नाई. तुमचा डबा चुलीपाशीच राह्यला होता. मले म्हने, सांगू का नको, रोज सांगतो तं चिडतात. तुमी गेल्यावर म्हने, आज उपाशी राह्यतीन अन् येऊन माह्यावरच बोंबलतीन."

गुणवंतराव त्या दिवशी खरोखर उपाशी राहिले होते. कोर्टाच्या आवारात डब्याची पिशवी शोधत होते आणि मनातल्या मनात कांताबाईंवरच रागावत होते. त्यांना ते आठवलं. आधी ते हसले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी त्यांच्याखाली वाजत राहिलो. त्या आवाजाचा त्यांनी त्या दिवशी राग केला नाही.

आता मी पुन्हा टेबलाच्या बाजूला असतो. बाजाराच्या दिवशी माणसं येतात आणि बसतात. गुणवंतराव उत्तर देतात, पण पेन उचलत नाहीत. वाट पाहतात. मी वाजलो की विचारतात, "अजून काई हाय का, बाई?"

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा पाट असेल. त्याला उन्हात टाकू नका. पावसात अंगणात विसरू नका. वाळवी लागली तर तेल लावा. कोणी काही विचारायला आलं तर त्याला उभं ठेवू नका, आधी बसवा, आणि तुमचं उत्तर देऊन झालं तरी जरा थांबा. माझं एवढंच मागणं आहे.

आणि हो, एखादा वाढई घरी आला आणि म्हणाला की ही उणी पट्टी घासून सारखी करून देतो, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.